परदेशी टेबल आणि सिंधचा मिस्त्री

माझ्या टेबलाला कार्यालयात सगळे 'परदेशी टेबल' म्हणत. तसं ते टेबल इथल्याच सागाचं होतं. एक पाय तोकडा, त्याखाली जुन्या राजपत्राची घडी. परदेशी होते ते त्याच्यावरचे कागद, आणि कधीमधी समोरच्या खुर्चीत येऊन बसणारी माणसं.

मी पोलीस खात्यात होते, पण वर्दी कधी अंगावर चढली नाही. मी लिपिक. जिल्ह्यात जो कोणी बाहेरच्या देशाचा पासपोर्ट घेऊन येईल त्यानं पोलिसांकडे नोंद करायची असते. कुठून आला, कुठं उतरला, किती दिवस राहणार. ती नोंद ठेवायची, मुदत संपत आली की आठवण द्यायची, मुदतवाढीचा अर्ज वर पाठवायचा आणि वरून विचारणा आली की उत्तर द्यायचं, एवढंच माझं काम. या नोकरीत धावपळ नाही. पण एखाद्याचा कागद खालच्या कप्प्यात राहिला तर त्याचं आयुष्य तिथंच थांबतं, हे समजायला मला चार-पाच वर्षं लागली.

यवतमाळात परदेशी कोण येणार, असं नेमणूक झाली तेव्हा वाटलं होतं. येत असत. औषधनिर्माण शिकायला आलेला येमेनचा एक विद्यार्थी होता. त्याला आपली थंडी सोसत नसे. डिसेंबरात दोन स्वेटर घालून यायचा आणि "मॅडम, इंडिया गरम देश, सब झूठ" म्हणायचा, जणू ती अफवा मीच उठवली होती. पण पाहुणे खरे वाढले ते कापसाच्या वाईट वर्षांत. शतक उलटलं त्याच्या आगंमागंची ती वर्षं. गोरी माणसं कॅमेरे आणि वह्या घेऊन येत, नोंद करत आणि गाडी करून कुठल्याही गावाला निघून जात. कापसाचं काय झालं ते त्यांना समजून घ्यायचं असे. आमच्या खिडकीसमोरून मार्केटला जाणारे कापसाचे ट्रॅक्टर दर वर्षी कमी होत होते आणि पाहणारे दर वर्षी वाढत होते.

त्या वर्षांकडे आता वळून पाहिलं की सगळं पांढुरक्या झिरझिरीत पडद्याआडून दिसतं. ते उगाच नाही. हंगामात ट्रॅक्टरवरून उडालेली रुई खरंच खिडकीतून आत यायची. फायलींवर बसायची, शाईच्या शिक्क्याला चिकटायची, पंख्याच्या पात्यावर लोंबायची. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन तिरपं आत आलं की खोलीभर तंतू तरंगताना दिसत, आणि मी हातातलं काम ठेवून नुसती पाहत बसे.

अशाच एका तिसऱ्या प्रहरी हरचंद आला.

बरोबर बायको, दोन मुली आणि काठी टेकत चालणारी आई. सिंधमधून आले होते. सरहद्दीवरून रेल्वेनं, मग धामणगावला उतरून बसनं. हरचंदच्या मेहुण्याचं यवतमाळात कापडाचं दुकान, त्यानं हमी लिहून दिली होती. हरचंद पन्नाशीकडे झुकलेला, उंच, थोडा पोक आलेला. हात मात्र त्याच्या अंगाला न शोभणारे, रुंद, बोटांची टोकं चपटी झालेली. परत जायचं नाही, इथंच राहायचं, या इराद्यानं आलेल्यांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा असतो. तो वर्षावर्षानं वाढवत न्यायचा आणि बरीच वर्षं तशी गेली की नागरिकत्वाला अर्ज करायचा. तोवर व्हिशावर जे शहर लिहिलं असेल त्याच्या बाहेर जायचं नाही. त्याच्या व्हिशावर लिहिलं होतं यवतमाळ.

मी फॉर्म भरत गेले. नाव, बापाचं नाव, जन्मगाव. मग व्यवसायाचा रकाना आला.

"काम क्या करते थे?"

"जिन का मिस्त्री," तो म्हणाला. "कपास का जिन."

मला आनंदच झाला. एवढ्या लांबून आलेला माणूस आणि काम आपल्याच गावचं. मी झोकात लिहायला घेतलं, तेवढ्यात आमचे साहेब मागून आले. कोल्हापूरकडचे होते, भले होते, पण नियमाला पक्के.

"बाई, ते लिहू नका. त्याच्या व्हिशाला कामाची मुभा नाही. व्यवसाय लिहिला की उद्या कुणीतरी विचारणार, हा काम करतो का म्हणून. निरंक लिहा."

मी निरंक लिहिलं. हरचंदला अक्षर वाचता येत नव्हतं, पण शब्द लहान झालेला त्याला दिसला. खिडकीच्या चौकटीवर अडकलेला रुईचा पुंजका त्यानं उचलला आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून हलके हलके ओढला. तंतू सरळ झाले. त्यानं ते उजेडात धरले.

"रुई अच्छी है, बाई. लंबी है. पर मशीन ने काटी है. पातं टाइट है किसी का."

जिनच्या पोलादी पात्याचा हा इथला शब्द त्यानं आमच्या फाटकावर उभ्या ट्रॅक्टरवाल्याकडून दहा मिनिटांपूर्वी उचलला होता, हे मला नंतर कळलं.

त्याची आई कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. मी उठून तिच्या अंगठ्यासाठी शाई घेऊन गेले, तर ती बाजूला सरकली आणि म्हणाली, "बेस, छोरी."

मी दचकले. आमच्या तांड्यात माझी आजी मला असंच म्हणायची. आम्ही बंजारा. आमची गोरबोली शहरात कुणाला कळत नाही, म्हणून कार्यालयात मी ती कधी काढत नसे. म्हातारीची बोली थरच्या वाळवंटातली, आमची मारवाडातून निघून बैलांच्या पाठीवर देशभर फिरलेली. पण पन्नासातले वीस शब्द सख्ख्या बहिणी निघाले. मी खरंच बसले. साहेब पाहत राहिले.

तिनं विचारलं, तुमची माणसं इथली का? मी सांगितलं, नाही, आमचे पूर्वज मीठ आणि धान्य लादून हिंडत हिंडत इथं आले आणि थांबले.

"मग तुमचे कागद कुणी पाहिले?"

"बैलांनी," मी म्हणाले. म्हातारी तोंडाला ओढणी लावून इतकी हसली की तिचा अंगठा फॉर्मवर दोनदा उमटला.

हरचंद मेहुण्याच्या दुकानात ताग्यांच्या घड्या घालायला लागला. घरचं माणूस म्हणून, पगारावर नाही. दर सोमवारी कार्यालयात येऊन हजेरीची सही करायचा. सहीच्या जागी एक दातेरी चाक काढायचा. महिनाभरानं आमचा एक जमादार माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, तुमचा पाकिस्तानी रोज एका जिनच्या भिंतीले कान लावून उभा राह्यते. लोकं बोलून राह्यले."

मी हरचंदला विचारलं. तो लाजला.

"सुनता हूँ, बाई. मशीन की आवाज. चार नंबर का बेअरिंग जाने वाला है. दो दिन, ज्यादा से ज्यादा तीन."

त्याचं ऐकून मी हसले नाही, पण विश्वासही ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्या जिनचा भोंगा दुपारीच वाजला आणि गाव म्हणालं, चार नंबर बसला.

ही गोष्ट जिनवाल्यांत पसरली. आठवड्याभरात कळंबचे एक जिनमालक माझ्या टेबलासमोर हजर. साठीचे, धोतर आणि कोट, वाडवडिलांपासून जिन चालवणारे. सगळे त्यांना शेटजी म्हणत.

"बाई, मले हा माणूस पाहिजे. माझा मिस्त्री गुजरातले गेला, तो काही आता येत नाही. रूळ सारे घासून गेले. रुई कटून राह्यली तर घेते कोण? चाळीस बाया हाताले काम नाही म्हणून घरी बसल्या. येत्या हप्त्यात जिन नाही चाललं तर कापूस दुसरीकडे जाईन, अन् एकदा गेला का वापस येत नाही."

जिन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. आपल्याकडे ते रुळांचं असतं. चामड्याच्या चकत्या एकाला एक दाबून केलेला रूळ फिरतो, कापसाचे तंतू ओढून घेतो, आणि रुळाला जवळजवळ टेकलेलं पोलादी पातं सरकीला आत जाऊ देत नाही. रुळावर तिरप्या खाचा असतात. खाचा बोथट झाल्या की तंतू ओढला जात नाही. पातं जास्त दाबलं तर तंतू तुटतो, सैल ठेवलं तर सरकी फुटते. सगळी करामत त्या केसाएवढ्या फटीत. ती फट जाणणारे मिस्त्री त्या वर्षांत जिल्ह्यातून एकेक करून निघून गेले. आणि एक जण आला होता, त्याच्या रकान्यात मी निरंक लिहून बसले होते.

"शेटजी, त्याला शहराबाहेर जाता येत नाही," मी म्हणाले.

"देवदर्शनाले देता ना तुम्ही परवानगी? चिंतामणी गणपती आमच्याच गावचा आहे. दर्शनाले आला, पाय मोकळे कराले जिनमंदी डोकावला. कोण पाहते?"

खरं सांगते, मला मोह झाला. लग्न, मयत, देवदर्शन आणि दवाखाना या चार कारणांसाठी परवानगी देत असू. काम हे कारण त्यांत नव्हतं. दर्शनाचा अर्ज मी स्वतः लिहिला. सोमवारी हरचंद आला तेव्हा त्याला वाचून दाखवला आणि सहीसाठी पेन पुढं केलं.

त्यानं पेन घेतलं नाही.

"उधर हम सिर्फ मिस्त्री बोलते थे, बाई. नाम पूरा नहीं बोलते थे, डर लगता था. इधर नाम पूरा बोला, तो काम नहीं बोल सकता. अब गणपती के सामने भी आधा बोलूँ?"

"पकडले गेलो तर?" असं मी माझ्या मनाशी म्हणत होते, पण तो प्रश्नही त्याच्या डोळ्यांत नव्हता. त्याला फक्त खोटं नको होतं. मी तो अर्ज फाडला. वीस वर्षांच्या नोकरीत कुणाचा अर्ज मी स्वतःच्या हातानं फाडला तो हा एकच.

मग मी टिप्पणी लिहायला घेतली. टिप्पणी म्हणजे आम्ही साहेबांपुढे मांडतो ते टाचण. त्यात मी सरळ लिहिलं, की हा इसम जिनचा कुशल कारागीर आहे; कळंब येथील जिनमध्ये स्थानिक कामगारांना रूळदुरुस्तीचं काम दाखवण्यासाठी त्याला तीन दिवस, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अटीवर परवानगी द्यावी.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "बाई, याला आधार काय?"

"आधार नाही, साहेब. पण शिकवायला मनाई आहे, असंही मला कुठं सापडलं नाही."

"शोधलंत?"

"तीन दिवस."

त्यांनी कागद पुढं ओढला. मग पेन उघडून माझ्या ओळीत दोन शब्द घातले, 'विनामोबदला' आणि 'लिपिकाच्या उपस्थितीत'. सही करताना म्हणाले, "यात काही खोटं नाही ना? मग होऊ दे. तुम्ही बरोबर जा."

अशी मी तीन दिवस जिनमध्ये गेले. जीपमध्ये हरचंद खिडकीशी बसला होता. शहराची हद्द ओलांडली तेव्हा त्यानं परवानगीचा कागद खिशातून काढून हातात धरला आणि कळंब येईपर्यंत सोडला नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बाभळींना रुई अडकलेली होती. झाडांना पांढरा मोहर आल्यासारखा दिसत होता.

जिनची मुख्य खोली एखाद्या सभामंडपाएवढी. उंचावर झरोके, त्यांतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांत वर्षानुवर्षांची रुई तरंगत होती. भिंती, तुळया, दिव्यांच्या तारा, सगळ्यांवर मऊ पांढरा थर. पावलांचा आवाज येत नव्हता. आपण बोलतो तेही दुसऱ्याच कुणीतरी लांबून बोलतंय असं वाटायचं. दोन रांगांत यंत्रं उभी होती, गप्प.

हरचंद पहिल्या यंत्रापाशी गेला आणि थांबला. हात मागं बांधून नुसता उभा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेटजी माझ्याकडे पाहू लागले. मी त्याच्याजवळ गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाई, हमारे उधर आरी का जिन है. करवत होती है, रूळ नहीं. रूळ मैंने बचपन में बाप के साथ किया था. चालीस साल हो गए."

एवढा खटाटोप करून आणलेला मिस्त्री दुसऱ्याच यंत्राचा! हे मी विचारलंच नव्हतं. रकान्यात जागा असती तर कदाचित विचारलं असतं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून एक जण पुढं आली. पंचफुला. तीस हंगाम त्याच जिनवर कापूस घालणारी, डोक्यावर रुमाल बांधून, कपाळ मोकळं. तिच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली मुलाचं बीएचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, हे तिनं मला पहिल्या अर्ध्या तासात सांगितलं होतं.

"काहून भिऊन राह्यले, मिस्त्री भाऊ? मशीन चावत नाही. तुमी खाचा मारा, फट मी सांगतो."

"तुम कैसे बताओगी, बहनजी?"

तिनं कमरेच्या पिशवीतून एसटीचं जुनं तिकीट काढलं, एकदा दुमडलं, आणि रूळ अन् पात्याच्या मधे सरकवलं. "हे अडकलं पाहिजे, पण फाटलं नाही पाहिजे. पहिला मिस्त्री मोठा मिजासचा होता, पण फट लावाले मलेच बलावे."

हरचंदनं ते तिकीट घेतलं, दुमडलं, उलगडलं, परत दुमडलं. मग तो हसला. यवतमाळात आल्यापासून मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहत होते. त्यानं बाह्या सारल्या, रूळ उतरवायला लावला, छिन्नी मागितली.

पहिली खाच मारायला त्याला अर्धा तास लागला. दुसरीला दहा मिनिटं. दुपारपर्यंत बापाचे हात त्याच्या हातांत परत आले. तो खाच मारी, पंचफुला बोटानं धार पाही आणि "हां" किंवा "उंहू" म्हणे. बाकीच्या बाया भोवती बसून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोघींनी छिन्नी हातात घेतली. मी रुईच्या एका गासडीवर बसून उपस्थिती देत होते. माझ्या पदरावर, केसांवर, पापण्यांवर रुई बसत होती आणि मला कुठलंही काम नव्हतं. नोकरीतले माझे सगळ्यात सुखाचे तीन दिवस ते.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्रं सुरू झाली. आधी एक, मग दुसरं, मग सगळी रांग. हरचंद डोळे मिटून रांगेतून चालत गेला, प्रत्येकापाशी क्षणभर थांबत. शेवटच्या यंत्राखालून त्यानं रुई उचलली, नखांत धरून ओढली आणि पंचफुलाच्या हातावर ठेवली. तिनं ती शेटजींना नेऊन दिली. शेटजींनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि रुई डोळ्यांत गेली म्हणाले.

दोन महिन्यांनी निनावी अर्ज आला. पोलीस खात्यातल्या बाईनं पाकिस्तानी माणसाला जिनमध्ये कामाला लावलं, पैसे खाल्ले, जिल्ह्याच्या सुरक्षेला धोका. चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. हरचंदची मुदत तेवढ्यात संपायला आली होती आणि मुदतवाढीची फाइल चौकशी होईपर्यंत थांबवली गेली. ती थांबलीच असती तर त्याला देश सोडून जाण्याची नोटीस माझ्याच टेबलावरून निघाली असती.

अधिकाऱ्यांनी पंचफुलालाही बोलावलं. मिस्त्रीला काय दिलं, असं विचारलं.

"काय देणार साहेब? माझ्या डब्यातली भाकर खाल्ली त्यानं, तीन दिवस. वरतून ठेचा तिखट हाय म्हणे."

तेही त्यांनी लिहून घेतलं. मग माझी फाइल मागवली. टिप्पणी, साहेबांची सही, 'विनामोबदला', जाण्यायेण्याची वेळ, सगळं जसं घडलं तसं कागदावर होतं. अधिकारी बराच वेळ वाचत होते. शेवटी म्हणाले, "बाई, हे तुम्ही देवदर्शन म्हणून दाखवलं असतं, तर मी आज त्याला परत पाठवला असता आणि तुम्हाला घरी."

मी हरचंदला हे सांगितलं तेव्हा त्यानं फक्त मान हलवली. त्याला त्यात नवल वाटलं नाही.

त्याची मुदतवाढ झाली. मला 'यापुढे अशा टिप्पण्या सादर करताना दक्षता घ्यावी' असं पत्र मिळालं आणि पाठोपाठ दारव्ह्याला बदली. साहेबही गेले, आपल्या मुलखाकडे. जाताना म्हणाले, "बाई, पुन्हा लिहाल का तसं?" मी म्हणाले, लिहीन. ते म्हणाले, "मीपण सही करीन. पण दोघांनाही पुन्हा कुणी त्या टेबलावर बसवणार नाही, एवढं खरं." आणि तसंच झालं.

कळंबचं जिन तो हंगाम आणि पुढचा हंगाम चाललं. खाचा मारायला पंचफुला आणि त्या दोघी होत्या. तिसऱ्या वर्षी शेटजींनीच कुलूप घातलं. कापूसच येईना. लोक सोयाबीनकडे वळले होते. जिन हातानं उभं राहतं, पण नुसत्या हातांनी चालत नाही.

दारव्ह्याहून मी शनिवारी जीपनं घरी येई. रविवारी कधी हरचंदकडे जाई. तो दुकानामागच्या खोलीत शेजाऱ्यांची शिलाई मशीनं दुरुस्त करत बसलेला असे. व्हिशाला ते चालत होतं की नाही, हे मी विचारलं नाही. पुन्हा जिनला हात लावायची परवानगी त्याला कुणी दिली नाही, आणि मागायला मी त्या टेबलावर नव्हते. ही माझी खंत. वर्षं अशी जात होती, की आपण झोपेत आहोत आणि कुणीतरी हळूच पांघरूण बदलतंय. मुली मोठ्या झाल्या, मराठी शाळेत गेल्या, घरात आईला "काहून वं?" म्हणू लागल्या. म्हातारी माझा हात धरून तिच्या गावच्या विहिरीची वात, म्हणजे गोष्ट, सांगत बसे. मी गोरबोलीत उत्तरं देई. कळलं नाही ते आम्ही दोघी समजून घेत असू.

एका उन्हाळ्यात ती गेली. नागरिकत्व मिळायच्या आधी. तिचा पासपोर्ट जमा करायला हरचंद गेला, तेव्हा त्या टेबलावरच्या नव्या लिपिकानं नोंद केली, 'परदेशी नागरिक, मयत'. नियमानं बरोबर होतं. मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी हरचंदच्या कुटुंबाला नागरिकत्व मिळालं. शपथेला मी गेले होते. त्यानं घोकून पाठ केलेली शपथ अडखळत म्हटली. मुली मागं उभ्या राहून ओठ हलवत होत्या, परीक्षेत लहान भावाला उत्तर पुरवावं तशा.

चार दिवसांनी तो माझ्या दारात. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले.

"बाई, नेर में नया जिन खुला है. आप साथ चलोगे? आदत नहीं है अकेले जाने की."

आम्ही बसनं नेरला गेलो. जिन चकचकीत होतं. कापूस नळीतून येत होता, कुणाच्या हाताला लागत नव्हता. मालकाचा मुलगा नम्र होता. त्यानं चहा पाजला, हरचंदची सगळी गोष्ट मन लावून ऐकली. मग म्हणाला, "काका, आता सारं पॅनलवर चालते. आयटीआयचं सर्टिफिकेट आहे का? अनुभवाचं काही लिहिलेलं?"

हरचंदनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याला नागरिक करायला आम्हाला एवढी वर्षं लागली, आणि त्या सगळ्या वर्षांच्या अनुभवाचा त्याच्याजवळ एकही कागद नव्हता. पोरगा निरोप देताना हरचंदच्या पाया पडला. त्याहून जास्त त्याच्या हातात नव्हतं.

परतीच्या बसमध्ये हरचंद खिडकीशी बसला. बाहेर कापूस फुटला होता, ऊन उतरणीला लागलं होतं. एका फाट्यावर बस थांबली, दोन माणसं उतरली. कुठला फाटा ते मी पाटी न पाहिल्यानं सांगू शकत नाही. कंडक्टर घंटी मारणार तेवढ्यात हरचंद उठला.

"यहाँ उतरें, बाई?"

"इथं काय आहे?"

"कुछ नहीं है," तो म्हणाला. "इसीलिए."

आम्ही उतरलो. बस गेली. धूळ बसली आणि एकदम शांत झालं. रस्त्यालगतच्या वावरात चार बाया कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. हरचंद धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत, गेला आणि तिथं उभा राहिला. कुणाची परवानगी नव्हती, मुदत नव्हती, वेळ लिहायची नव्हती. तो नुसता उभा राहून चहूकडे पाहत होता. मी मागं बाभळीच्या सावलीत थांबले. त्याचे खांदे हलताहेत असं मला वाटलं, पण मी जवळ गेले नाही.

वेचणारी एक म्हातारी ओळीच्या टोकाशी आली. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"उभे काहून राह्यले जी? रिकामे असान तर वेचू लागा. सांज होऊन राह्यली."

हरचंदनं चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि तिच्या शेजारच्या ओळीत उतरला.

पुढची बस तासाभरानं आली. मी तिला हात केला नाही.